सतरा दिवसांचं काम

पवनी
१६ जुलै १९८१

प्रिय भैय्यालाल,

पत्त्यावरचं अक्षर पाहून तू हे पत्र न फोडताच ठेवून दिलं असशील, तरी मी तक्रार करणार नाही. नऊ महिने झाले. चांद्याहून येणाऱ्या कुणाकडून तरी तुझी खुशाली कळते. तू आयटीआयमध्ये अजून ड्रॉइंग शिकवतोस आणि धाकटी शाळेत जायला लागली, एवढं माहीत आहे. इकडे मी, सुलोचना आणि पोरं मजेत आहोत.

आपली फिरती वही अजून फिरते. पॉलिटेक्निक सोडताना आपण नऊ जणांनी ठरवलं होतं, की ज्याच्या हाती वही येईल त्याने पंधरा दिवसांत आपल्या कामाबद्दल लिहायचं, फोटो असला तर चिकटवायचा, आधीच्यांनी लिहिलेल्यावर समासात लाल पेन्सिलीने शेरा मारायचा आणि रजिस्टरने पुढच्याला पाठवायची. दहा वर्षांत नियम मोडला नाही. फक्त तू वहीतून बाहेर पडल्यापासून लाल पेन्सिल कुणी हातात घेत नाही. सगळे एकमेकांना वाहवा लिहितात. बाबूलालने कुवेतहून या खेपेला आठ पानं पाठवली आहेत. आठ दिवसांत एक मजला चढवतो म्हणे. फोटोत एका लांबलचक मोटारीला टेकून उभा आहे. मोटार त्याची नाही, हे त्याच्या उभं राहण्यावरूनच कळतं.

पत्र लिहायचं कारण तसं किरकोळ. माझ्या ओळखीचा एक ओव्हरसियर आहे. त्याने मागच्या साली उन्हाळ्यात एका जुन्या मालगुजारी तलावाची मातीची पाळ खोदली, पाणी सोडायचं जुनं दगडी तोंड काढलं, त्या जागी सिमेंटचा पाइप टाकला आणि पाळ पुन्हा भरली. काम चांगलं आहे. माणूसही हुशार आहे, मी त्याला जवळून ओळखतो. मागचा पावसाळा कोरडा गेला, तलाव निम्माही भरला नाही. यंदा मृगापासून पाऊस लागून आहे आणि आता पाणी सांडव्याला टेकलं. तर पाळीच्या बाहेरच्या अंगाला, पाइपाच्या तोंडापासून हातभर वर, ओल दिसते. ओल म्हणजे झिरपा. बोटाएवढी धार म्हण. जुन्या पाळी पाझरतातच, हे तूही मान्य करशील.

तिथला पाणकर, म्हणजे शेतांना तलावाचं पाणी वाटून देणारा म्हातारा, गोमाजी नावाचा. त्याने परवा विचारलं, "साहेब, रोपायचे परे दोनी तयार हायेत, हलक्याचे बी अन् भारीचे बी. तलावाचा भरवसा असन त भारी धान रोवतो, नाई त हलका. काय करू?" हलकं धान पावसावर निघून जातं. भारी धानाला पाऊस सरल्यावरही दिवाळीपर्यंत पाणी लागतं, तलावावाचून ते पिकत नाही. ओव्हरसियरने सांगितलं, निर्धास्त रोवा. त्याने बरोबरच सांगितलं, नाही का?

उलट टपाली लिही. घाई नाही.

तुझा
श्यामराव


पवनी
२९ जुलै १९८१

प्रिय भैय्यालाल,

तुझं कार्ड आलं. तीन ओळी. पोस्टमनने वाचूनच दिलं असणार, कारण कार्ड हातात ठेवताना त्याने विचारलं, कुठला तलाव, साहेब? मी म्हटलं, चांद्याकडचा आहे. त्याच्या गावाला जायची वाट त्याच पाळीवरून आहे.

तू विचारलंस, झिरपा निवळ आहे की गढूळ, आणि पहिल्यापेक्षा वाढला का. तिसऱ्या ओळीत लिहिलंस, तलाव तुझाच आहे हे वाचताक्षणी कळलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. हो, माझाच. आंबेटोलीचा. वहीत ज्याचा फोटो तू पाहिलास तोच. पाइपाच्या तोंडाशी काँक्रीटची चौकोनी कॉलर, तिच्यावर पाय ठेवून मी, आणि खाली माझ्याच अक्षरात, "सतरा दिवसांत पूर्ण. खात्याचा अंदाज पंचेचाळीस."

तू समासात आणि मागच्या पानावर मिळून दीड पान लाल केलं होतंस. सतरा दिवसांत पाळीची माती थराथराने ठोकून बसत नाही. नकाशात पाइपाला तीन कॉलर असतात, मधल्या दोन कोणत्या दिवशी टाकल्यास ते लिही. टाकल्या नसतील तर पाणी पाइपाच्या अंगाअंगाने वाट काढील आणि जाताना पाळीची माती घेऊन जाईल. आणि शेवटी, पाळीखाली घरं किती आहेत ते का लिहिलं नाहीस?

मी काय उत्तर दिलं ते तुला पाठ असेल. "फळ्यावरच्या धरणातून पाणी गळत नाही. खडू धरणाऱ्याने आधी पाळीवर येऊन उभं राहावं." ते वाक्य सगळ्यांना आवडलं. धनीरामने त्याखाली "वा रे पठ्ठे" लिहिलं. बाबूलालने फळ्यापुढे उभा असलेला एक मास्तर काढला, कानाला खडू लावलेला. वही फिरून तुझ्याकडे आली तेव्हा तू फक्त "माझं नाव यादीतून काढा" एवढं लिहून पुढे पाठवलीस. तुला लागलं असेल तर वाईट वाटतं. थट्टा होती.

असो. झिरपा निवळ आहे. गोमाजीची एक जुनी रीत आहे. झिरप्याचं पाणी पितळी गडव्यात धरायचं, धुतलेल्या पांढऱ्या फडक्यातून ओतायचं आणि फडकं उन्हात वाळत घालायचं. फडकं पांढरं राहिलं तर पाळ नुसती पाणी पिते, मळलं तर माती ओकते, असं तो म्हणतो. आठ दिवसांची आठ फडकी दोरीवर आहेत. मी स्वतः पाहिली. पांढरी आहेत. कॉलरीही तिन्ही आहेत. तू उगाच काळजी करू नकोस.

भारी धानाची रोवणी परवा संपली. शेतातल्या बांध्या हिरव्यागार दिसतात.

तुझा
श्यामराव


पवनी
११ ऑगस्ट १९८१

भैय्यालाल,

फडकी पांढरी नाहीत.

मागचं पत्र लिहिलं तेव्हाही नव्हती. पहिलं जरा मळकट होतं, पाचवं चहा गाळल्यासारखं, आणि आठवं मी हातात घेतलं तेव्हा बारीक लाल माती बोटांना लागली. हे पाहून मी घरी आलो, हात धुतले आणि तुला "पांढरी" असं लिहिलं. का लिहिलं म्हणशील. पाळ फुटेल याची भीती वाटत होती. पण तुझं खरं निघेल याची भीती तिच्याहून मोठी होती. असा मी माणूस आहे. तू गप्प बसून होतास तरी मी तुझ्याशी भांडतच होतो.

कॉलर एकच आहे. फोटोत दिसते ती. मधल्या दोन टाकल्याच नाहीत. प्रत्येकीचं काँक्रीट ओतायचं, भिजवत ठेवायचं, मग तिच्या भोवतीची माती हाताने धुम्मस मारून बसवायची, यात महिना गेला असता. वही एक जूनला माझ्याकडे येणार होती. आदल्या फेरीत बाबूलालने अडीच महिन्यांत पूल उभा केल्याचं लिहिलं होतं. धनीराम भिलाईच्या भट्टीबद्दल लिहितो. माझ्या पानावर दहा वर्षं काय होतं? मोऱ्या दुरुस्त केल्या, खडी टाकली, आणि एकदा रेस्ट हाउसचं छप्पर. तुम्हा सगळ्यांची पानं वाचून झाली की मला माझं पान फाडावंसं वाटायचं. मला एक आकडा हवा होता. तोंडाची कॉलर टाकली, कारण ती फोटोत येणार होती. माती ट्रकने ओतली आणि वरचा थर तेवढा ठोकला. यात कुणाचा एक पैसा खाल्ला नाही. खाल्ली ती वाहवाच.

गोमाजी तेव्हा पाळीवर चालून पाहत होता. तो म्हणाला, पायाखाली माती पोकळ लागते, साहेब, अजून ठोका. मी म्हटलं, बाबा, हे शास्त्र आहे. शास्त्र म्हणालो मी त्याला. त्याच्या पणज्याने तो तलाव बांधताना दोन उन्हाळे बैल फिरवले होते.

उपअभियंता साहेबांना सगळं तोंडी सांगितलं. त्यांची पुढच्या साली निवृत्ती आहे. ते म्हणाले, कागदावर काही आणू नका, दसऱ्याला पाऊस ओसरतो, मग बघू. आणि टोलीत एक शब्द बोलू नका, लोक घाबरतील. मला बरं वाटलं, भैय्यालाल. कुणीतरी गप्प बसायचा हुकूम दिला याचं बरं वाटलं.

ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. रोज सकाळी सायकलने नऊ मैल जातो. पाळीच्या पायथ्याशी उभा राहतो तेव्हा माझ्या डोक्याच्या कितीतरी वर पाणी आहे हे मला कळत असतं. धार आता अंगठ्याएवढी आहे. घरं मी शेवटी मोजली. एकसष्ट. पहिलं उषाबाईचं, पाळीपासून ऐंशी पावलांवर. गोमाजी फडकी तिच्याच अंगणातल्या दोरीवर घालतो. ती मला पाहून रोज चहा टाकते. तिचा धाकटा नुकता चालायला लागला आहे, कोंबडीच्या मागे धावतो आणि पडतो. मी दोरीकडे पाठ करून बसतो. कपातला चहा तसाच निवतो. परवा तिने विचारलं की साहेब, तब्येत बरी नाही का, आणि मी म्हटलं, पित्त आहे.

जेवण जात नाही. रात्री छपरावर पाऊस वाजला की कंदील घेऊन बाहेर येतो. नदीकाठचा माणूस मी, पाण्याच्या आवाजाने कधी दचकलो नव्हतो. आता सुलोचनाने घागर ओतली तरी उठून उभा राहतो.

काल मी हे पत्र लिहायला बसलो तेव्हा तिने पाहिलं. ती म्हणाली, "चांद्याले पत्र जायाले चार दिवस लागते. टोलीले सायकलनं दीड घंटा. तुमी त्यायले कायले लिहून राहिले?"

तू काहीतरी उपाय लिही. ट्रंक कॉल करू नकोस, इथे पोस्टात उभं राहून ओरडून बोलावं लागतं.

श्यामराव


पवनी
१९ ऑगस्ट १९८१

भैय्यालाल,

तुझं पत्र आत्ता आलं. मला वाटलं होतं, तू मला शिव्या देशील. चार पानं तरी देशील. मी बायकोपासून लपवून वाचायची तयारी केली होती. तू अर्धं पान लिहिलंस.

"मी त्या समासात बरोबर होतो, त्याचा टोलीला काय उपयोग झाला? आता तू मला खरं लिहितोस, त्याचाही त्यांना उपयोग नाही. सांडवा पाळीच्या टोकाला कठीण मुरुमात आहे. तो चार फूट तोडा, पाणी तिकडून सुरक्षित जाईल. पण हे चोरून करू नकोस. आधी त्यांना सांग. घरं त्यांची आहेत आणि धानही त्यांचं आहे."

दहा वेळा वाचलं. चार फूट पाणी उतरलं तर भारी धानाला काही उरत नाही. हे मी तुला सांगायला नको. हे गणित मी गेले पंधरा दिवस करायचं टाळतो आहे.

दुसरी गोष्ट लिहायला लाज वाटते, पण आता लाज कसली ठेवायची. मला माराची भीती वाटते. एकसष्ट घरं म्हणजे शंभर-सव्वाशे बाप्ये. मी सायकलवर एकटा. मध्ये जंगलाचा रस्ता. मारलं नाही तरी ते माझ्याकडे बघतील, त्याची जास्त भीती वाटते. गेलं सालभर तिथे मला हारतुरे मिळाले. शाळेतल्या पोरांनी पाइपाच्या उद्घाटनाला गाणं म्हटलं होतं.

सकाळचे अकरा वाजले आहेत. पाऊस थोडा थांबला आहे. हे पेटीत टाकून निघतो.

श्यामराव


पवनी
२४ ऑगस्ट १९८१

भैय्यालाल,

एकोणीसला मी निघालो नाही. पेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. वीसलाही निघालो नाही, अंगात ताप होता. खरा होता, सुलोचनाने हात लावून पाहिला. एकवीसला तिने सायकल बाहेर काढून ठेवली, हवा भरली आणि म्हणाली, "मी येऊ का संगं?" तेव्हा निघालो.

शाळेच्या पडवीत लोकांना बोलावलं. रोवणी संपलेली, पाऊस रिपरिपत होता, बहुतेक घरीच होते. मी कागद लिहून नेला होता. तो वाचायला लागलो तर तोंडातून कार्यालयाची भाषा बाहेर पडायला लागली, "सदर पाइपाच्या अनुषंगाने" वगैरे. गोमाजी म्हणाला, कागद ठेवा साहेब, तोंडी बोला. मग मी बोललो. पाइपाला तीन कॉलर हव्यात, मी एक टाकली. माती ठोकली नाही. मला लवकर संपवायचं होतं. पाळ आतून पोखरते आहे, ती कधी जाईल मला सांगता येत नाही. सांडवा तोडावा लागेल. धान जाईल.

एवढंच बोललो. दोन मिनिटं लागली असतील. ज्याच्यासाठी सव्वा महिना घालवला ते दोन मिनिटांत संपलं.

कुणी उठून आलं नाही, कुणी हात उचलला नाही. मागे बसलेल्या एकाने विचारलं, कशाची घाई होती? मी वहीचं सांगू शकलो नाही. कसं सांगणार, की आठ मित्र दूर दूर बसले आहेत, त्यांना फोटो दाखवायचा होता? मी म्हटलं, चुकलो. त्याने मान फिरवली.

गोमाजी पायावर घोंगडं घेऊन खाली बघत बसला होता. मी त्याला विचारलं, बाबा, फडकी तर तुमच्याच हातची होती, तुम्हाला दिसत होतं. तुम्ही का बोलला नाहीत?

तो म्हणाला, "बोललो होतो की मागच्या साली. तुमी म्हनले शास्त्र हाय. मंग म्या फडके तुमच्या डोऱ्यासमोर बांधले. उषाबाईच्या आंगनात कायले बांधत होतो मी? माह्या घरी दोरी नाई का? तुमी रोज तेथं चहा पेत होते, साहेब. म्या म्हनलं, आज म्हनतीन, उद्या म्हनतीन."

मला वाटलं होतं, टीका म्हणजे लाल पेन्सिल.

मग ते उठले. कुणी हुकूम दिला नाही. घरोघरच्या सब्बली, पहारी आल्या. बायकांनी पोरं, शेळ्या, कोंबड्या, पेट्या असं सगळं टेकाडावरच्या मारुतीकडे न्यायला सुरुवात केली. आम्ही सांडव्यावर गेलो. जुन्या चुन्यातलं बांधकाम, सब्बल उडून येत होती. मीही एक घेतली. तासाभरात माझ्या हाताला फोड आले आणि फुटले. शेजारच्याने पाहिलं, पण मला थांब म्हणाला नाही.

दुपारी पहिला दगड निघाला आणि पाणी नाल्याकडे वळलं. त्याच सुमाराला पलीकडून कुणीतरी हाक मारली. पाइपाच्या वरचा, गाडीभर मातीचा एक तुकडा पाळीवरून सुटून खाली बसला. आवाज आला नाही. भिंतीला पोपडा सुटतो तसा सुटला, आणि त्याच्या जागी पाळीत एक ओला काळा खड्डा दिसायला लागला. धार मांडीएवढी झाली होती आणि पाणी चहासारखं. सगळे हातातलं टाकून माझ्याकडे बघायला लागले. भैय्यालाल, मला पळावंसं वाटलं. पाय वळलेसुद्धा होते. मी काही शूर नाही, मला फक्त कुठल्या बाजूला पळावं ते सुचलं नाही. गोमाजी म्हणाला, तोडत राहा, थांबू नका. आम्ही तोडत राहिलो.

बावीसच्या दुपारपर्यंत चार फूट उतरलं. धार बारीक होत गेली. तेवीसला ती पुन्हा बोटाएवढी होती. मी पाळीवर पालथा पडून कान लावून ऐकलं, आत काही ऐकू आलं नाही.

पाळ राहिली. माणसं आहेत, सगळी. मी दोनदा मोजून घेतली.

आज पोळा पाच दिवसांवर आहे आणि टोलीत कुणी बैलांच्या शिंगांना रंग आणलेला नाही. मी साहेबांच्या टेबलावर लेखी रिपोर्ट ठेवला, सगळं लिहिलेला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, तू स्वतःला गाडलंस आणि मलाही. मी घरी येऊन जेवलो. महिन्याभरात पहिल्यांदा दोन भाकरी खाल्ल्या आणि त्याचीच लाज वाटली.

श्यामराव


पवनी
३ मे १९८२

प्रिय भैय्यालाल,

आठ महिन्यांत तुझं पत्र नाही आणि मीही लिहिलं नाही. सप्टेंबरपासून मी निलंबित आहे, चौकशी चालू आहे. दोनदा भंडाऱ्याला बोलावलं. एका साहेबांनी समजुतीने विचारलं, की अतिवृष्टीमुळे झालं असं लिहिता येईल का. मी नाही म्हटलं. शूरपणाने नाही, पुन्हा खोटं बोललो तर ते सांभाळत बसायची ताकद आता नाही म्हणून.

नोव्हेंबरात वही माझ्याकडे आली. मी अकरा पानं लिहिली. फोटोवर लाल पेन्सिलीने रेघ मारली आणि तुझं दीड पान तसंच्या तसं पुन्हा उतरवून काढलं. ज्याने त्याने शेरा न मारता वही पुढे पाठवली. बाबूलालने तेवढं लिहिलं, की श्यामराव, आपल्या आपल्यात एवढं उघडं कशाला पाडायचं, झाकली मूठ सव्वा लाखाची. याच माणसाला मी मनात एवढं मोठं करून ठेवलं होतं, या विचाराने हसू आलं. रडूही आलं.

भारी धान आश्विनात पोटरीला आलं आणि तिथेच अडलं. तलावात गुडघाभर पाणी होतं, ते गुरांना राखलं. लोंब्या निघाल्या त्या पोचट. दाणा नव्हता. लोकांनी धान कापून जनावरांना घातलं. दिवाळीनंतर एकोणीस घरांना कुलूप लागलं. उषाबाई पोरांना घेऊन नागपूरकडे विटभट्टीवर गेली. होळीनंतर परत आली. धाकटा आता नीट चालतो, पण उजव्या हाताला भाजल्याचा डाग आहे.

आता पाळ पुन्हा खोदून पाइप काढायचं काम सुरू आहे. दुसरा ओव्हरसियर आहे, तरुण मुलगा, मला लांब उभं राहून बघू देतो. परवा पाइप उघडा पडला. पाइपाच्या वर, पाळीच्या पोटात, एक पोकळी होती. बाहेरच्या अंगाला घमेल्याएवढं तोंड आणि आत रुंद होत गेलेली. मी त्या मुलाची परवानगी घेऊन आत गेलो. मांडी घालून बसलो. डोकं वर टेकलं नाही. हातात टेप होती, मोजलं. पोकळी तलावाच्या बाजूला जिथे संपते तिथून पाण्याच्या अंगापर्यंत मातीची एक भिंत उरली होती, सव्वा हात. बस्. एकवीस ऑगस्टला आम्ही सब्बली चालवत होतो तेव्हा एकसष्ट घरं आणि ते सगळं पाणी यांच्या मध्ये सव्वा हात माती होती. मी निघालो नाही त्या दोन दिवसांत ती किती गेली असेल याचा हिशेब मी आत बसून केला. बाहेर यायला मला हात द्यावा लागला.

दहा तारखेला ते सगळं बुजवणार आहेत. त्याआधी तू ये. मी माफी मागायला बोलवत नाही, माफीचं पत्र मी चार वेळा लिहून फाडलं, प्रत्येकात शेवटी मीच बरा दिसायला लागतो. तू ये, आत बस, बोट ठेवून मला सांग, इथे पाणी आधी शिरलं, इथून वळलं, इथे तू हे करायला हवं होतंस. त्या मुलालाही ऐकू दे. मी शेजारी उभा राहीन आणि मध्ये बोलणार नाही. मला त्याची अजून भीती वाटते, पण ये. पवनीच्या स्टँडवर उतरलास की मी सायकल घेऊन उभा असेन.

कालचं एक सांगायचं राहिलं. खोदकामावर टोलीतलेच लोक मजुरीला आहेत. उषाबाई माती वाहते. दुपारी ती त्या पोकळीपाशी येऊन उभी राहिली, वाकून आत बघितलं, मग तिथून आपल्या घराकडे बघितलं. मी जवळच होतो. सप्टेंबरपासून ती माझ्याशी बोलली नव्हती.

ती म्हणाली, "तुमी सांगतलं म्हनून आमी जित्ते हावो, साहेब. ते मी नाई म्हनत नाई. पन रोवनीच्या टायमाले गोमाजीनं इचारलं होतं ना तुमाले, हलका रोवू का भारी? तवा तुमाले मालूम होतं का?"

बोटाएवढी धार होती, एवढंच दिसत होतं. जुन्या पाळी पाझरतात. खात्रीने काही सांगता येत नव्हतं. हे सगळं माझ्या जिभेवर आलं, भैय्यालाल, रांगेत उभं राहून आलं.

"होतं," मी म्हणालो.

तिने मान हलवली, टोपली भरली आणि चढणीला लागली. मला तिथे नुसतं उभं राहवेना. बाजूला पडलेली एक टोपली मी उचलली आणि माती भरायला वाकलो. ती परत आली, माझ्या हातातून टोपली काढून घेतली आणि म्हणाली, "ठेवा. रोजी आमची हाय."

तुझा
श्यामराव